ईक्यू ८८ टक्के, आणि बायको हसली

ताई,
मी ३६ वर्षांचा आहे. भांडुपला राहतो, पवईत एका सॉफ्टवेअर कंपनीत आहे. शाळेपासून गणितात पहिला. यंदा टीम लीडची जागा माझ्या मागून लागलेल्या मुलाला मिळाली. एचआर म्हणाली, 'तुमचा आयक्यू छान आहे, ईक्यू, म्हणजे भावनांची जाण, कमी पडतो, आणि यश ८० टक्के ईक्यूवर असतं.' गंमत म्हणजे अवघड क्लायंटचे कॉल अजूनही माझ्याकडेच येतात. माणूस कितीही भडकलेला असला तरी अर्ध्या तासात मी त्याला शांत करतो.
बायको महापालिकेच्या रुग्णालयात स्टाफ नर्स आहे. मध्यंतरी ती नाइट करून घरी आली. वॉर्डमधला एक तरुण पेशंट पहाटे गेला, ते सांगत होती. मी तिला ड्युट्या कशा बदलून घेता येतील याची एक्सेल शीट करून दिली. दोन दिवस ती नीट बोलली नाही. मग म्हणाली, 'तुझं डोकं चालतं रे, बाकी काही चालत नाही.' म्हणून मी इंटरनेटवर ईक्यूची टेस्ट दिली. ८८ टक्के आले. तिला दाखवले तर इतकी हसली की चहा सांडला. आई म्हणते, हुशार माणसं अशीच असतात, तुझे बाबा पण असेच होते. माझा मुलगा दुसरीत आहे, फारसा बोलत नाही. त्याच्याबद्दलही ती हेच म्हणते.
बुद्धी जास्त असली की दुसऱ्याच्या भावना कमी कळतात का? टेस्ट खरी की बायको? कंपनी १८ हजारांचा ऑनलाइन ईक्यू कोर्स कर म्हणते आहे, करू का?
– भांडुपचा एक वाचक

नमस्कार,

बायको खरी. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे निकालाची वाट बघत तुम्ही पुढचं घाईघाईनं वाचणार नाही. पण तिच्या वाक्याचा दुसरा अर्धा भाग मला मान्य नाही. 'बाकी काही चालत नाही' असं नाहीये. चालतं, आणि चांगलं चालतं. कुठे चालतं ते तुमच्याच पत्रात आहे, त्यावर येतेच.

सुरुवात आईंपासून करते, कारण तुमच्या घरात सगळ्यात जास्त नुकसान त्यांचं वाक्य करतंय. हे वाक्य काही त्यांचं एकट्यांचं नाही. आपल्याकडे दोन भावंडं असली की नातेवाईक गुणांच्या वाटण्या करूनच टाकतात: थोरला हुशार, धाकटी मायाळू. जणू देवाकडे एकच शिधा होता, एकाला जास्त दिला म्हणून दुसऱ्याला कमी पडला. गणितात पहिला आलेल्या मुलानं मावशीला साधा नमस्कार केला नाही तरी चालतं, आणि नापास झालेल्याचं कौतुक करायचं तर 'पण मन फार मोठं हो त्याचं' असं म्हणतात.

संशोधनात ही वाटणी सापडत नाही. चार्ल्स स्पिअरमन या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञानं १९०४ मध्ये दाखवलं की, ज्या मुलांना एका विषयात चांगले गुण पडतात त्यांना सहसा बाकीच्या विषयांतही बरे पडतात. या सगळ्यांच्या मुळाशी जी सामाईक क्षमता दिसते तिला 'सामान्य बौद्धिक क्षमता' म्हणतात. पुढे १९९० मध्ये पीटर सॅलोवी आणि जॉन मेयर या दोन अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी मांडलं की भावना ओळखणं, समजणं आणि हाताळणं हीसुद्धा एक प्रकारची बुद्धीच आहे. असं म्हटल्यावर एक जबाबदारी अंगावर येते. ती खरोखरच बुद्धी असेल, तर इतर बौद्धिक क्षमतांशी तिचं थोडं तरी नातं दिसायला हवं. अजिबात दिसलं नाही तर ती बुद्धी कसली? आणि पूर्ण जुळलं तर तिला वेगळं नाव देण्याची गरजच काय?

नातं दिसलं, आणि बेताचं दिसलं. भावनांची जाण जिथे प्रत्यक्ष सोडवायच्या प्रश्नांतून मोजली जाते, तिथे तिचा सामान्य बुद्धीशी सहसंबंध साधारण ०.३ च्या आसपास येतो. तुम्ही गणितवाले आहात, तुम्हाला समजवायला नको, पण इतर वाचकांसाठी सांगते: ० म्हणजे काहीच संबंध नाही, १ म्हणजे दोन्ही गोष्टी तंतोतंत बरोबर वाढतात. ०.३ चा वर्ग ०.०९. म्हणजे माणसामाणसांत एका क्षमतेत जो फरक दिसतो, त्यातला जेमतेम ९ टक्के भाग दुसरीवरून सांगता येतो. उरलेल्या ९१ टक्क्यांत सगळ्या प्रकारची माणसं मावतात. अतिशय हुशार आणि समोरच्याचं काहीच न कळणारी, बेताच्या हुशारीची आणि सगळं कळणारी, दोन्ही असलेली, दोन्ही नसलेली. आईंचं म्हणणं खरं ठरायचं तर हा आकडा उणे यायला हवा होता. तो उणे येत नाही. हुशार माणूस भावनांच्या बाबतीत ढ असू शकतो, पण हुशारीमुळे ढ होत नाही.

मग सगळ्यांना तसं का वाटतं? माझं मत सांगते. साधा माणूस तुसडेपणानं बोलला की आपण त्याला उद्धट म्हणतो आणि दोन शब्द सुनावतो. हुशार माणूस तसाच बोलला की त्याला विक्षिप्त म्हणतो आणि सांभाळून घेतो. अशी वर्षानुवर्षं सांभाळून घेतलेली माणसं आपल्या लक्षात राहतात. ज्याला कधी कुणी टोकलंच नाही, तो शिकणार कधी?

आता तुमचे ८८ टक्के. ती टेस्ट मी पाहिलेली नाही, पण प्रश्न कसे असतील ते सांगू शकते. 'मला इतरांच्या भावना चटकन ओळखता येतात: पूर्ण सहमत, सहमत, असहमत.' तुम्ही 'सहमत'वर टिचकी मारली असेल. सीईटीच्या पेपरात गणित सोडवायला न देता 'तुम्हाला इंटिग्रेशन कितपत येतं असं वाटतं?' एवढंच विचारलं असतं, तर मुंबईतल्या अर्ध्या मुलांना हव्या त्या कॉलेजात प्रवेश मिळाला असता. अशा चाचणीत तुमचं स्वतःबद्दलचं मत मोजलं जातं. या स्वतःच भरायच्या ईक्यू चाचण्यांचा बुद्धीशी संबंध जेमतेम ०.१ च्या आगेमागे येतो, आणि भावनांचे प्रश्न प्रत्यक्ष सोडवायला लावणाऱ्या चाचण्यांशीही त्यांचं फारसं जमत नाही. त्या मुख्यतः स्वभाव मोजतात: आत्मविश्वास, मनमोकळेपणा, शांतपणा. स्वभाव मोजायला हरकत नाही. फक्त त्याला बुद्धी म्हणून खपवू नये. एकाच नावाखाली दोन वेगळ्या गोष्टी विकल्या जाताहेत, आणि ईक्यूवरचे निम्मे वाद त्यातूनच निघतात.

दुसऱ्या जातीची चाचणी म्हणजे मेयर, सॅलोवी आणि डेव्हिड करूसो यांची. ती २००२ मध्ये आली. तिच्यात १४१ प्रश्न आहेत. चेहऱ्यांचे फोटो दाखवून कुठली भावना किती दिसते ते विचारतात, एखादा प्रसंग देऊन त्यातल्या माणसानं काय केलं तर काय होईल ते विचारतात. यातही बरोबर उत्तर कोणतं हे ठरवायचं कुणी, हा प्रश्न आहेच. एक तर पुष्कळ लोकांनी जे उत्तर दिलं ते बरोबर धरतात, नाहीतर भावनांचा अभ्यास करणाऱ्या २१ तज्ज्ञांनी दिलेलं. यावर टीकाही पुष्कळ झाली आहे. माझी स्वतःची शंका अशी की, आपल्या घरांत राग चेहऱ्यावर कमी आणि भांड्यांच्या आवाजात जास्त उमटतो. तो कुठल्या फोटोत पकडणार? तरीही, माणसाला 'तू हुशार आहेस का?' असं विचारण्यापेक्षा गणित घालणं केव्हाही बरं.

तुमच्या बायकोचं हसू याच कारणासाठी मला जास्त विश्वासाचं वाटतं. तिनं तुम्हाला प्रत्यक्ष प्रश्न सोडवताना पाहिलंय. २०१४ मध्ये ऑलिव्हर शेल्डन, डेव्हिड डनिंग आणि डॅनियल एम्स यांनी व्यवस्थापन शिकणाऱ्यांवर केलेला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. भावनांच्या चाचणीत जे तळाशी होते, त्यांचाच स्वतःबद्दलचा अंदाज सगळ्यात जास्त फुगलेला निघाला. खरे गुण सांगितल्यावर याच मंडळींनी चाचणीच कशी कुचकामी आहे ते सांगितलं, आणि सुधारण्यासाठी काही करण्यात त्यांनाच सगळ्यात कमी रस होता. तुम्ही टेस्ट खरी की बायको असं विचारताय, म्हणजे शंका तरी आलीय. तेवढ्यासाठी तुम्हाला मी तळाच्या लोकांतून वर काढते.

आता जिथे मला खरं थांबायचंय तिथे येते. भावनांची जाण ही एकसंध गोष्ट नाही. सॅलोवी-मेयर तिचे चार भाग करतात: भावना ओळखणं, विचार करताना त्यांचा उपयोग करणं, त्या समजणं आणि हाताळणं. या चौघांचं बुद्धीशी नातं सारखं नाही. 'समजणं' म्हणजे कुठल्या घटनेतून कुठली भावना येते, चीड वाढत गेली की तिचं काय होतं, अपराधीपणा आणि शरम यांत फरक काय, हे कळणं. हा भाग सामान्य बुद्धीशी सगळ्यात घट्ट बांधलेला आहे. त्यात भाषा लागते, तर्क लागतो. समोरच्याच्या चेहऱ्यावरून किंवा आवाजावरून भावना टिपण्याचा भाग मात्र बुद्धीशी बराच सैल जोडलेला आहे. कॅरोलिन मॅकॅन आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये दाखवलं की स्मरणशक्ती किंवा तर्कशक्ती जशी सामान्य बुद्धीच्या छत्राखाली एक वेगळी शाखा म्हणून बसते, तशी भावनांची जाणही बसू शकते. थोडक्यात, ती बुद्धीच्या कुटुंबातलीच आहे, परकी नाही.

याचा अर्थ तुमच्यापुरता असा. मी कागदावर प्रश्न घातला असता: 'रात्रपाळीत एका तरुण रुग्णाचा मृत्यू बघून सकाळी घरी आलेल्या नर्सला काय वाटत असेल?' तर तुम्ही बरोबर लिहिलं असतं. दुःख, थकवा, आपण काही वेगळं करू शकलो असतो का ही टोचणी, नातेवाइकांचे चेहरे डोळ्यांपुढून न हलणं. समजण्याच्या पेपरात तुम्ही नापास होणारे नाही. मग एक्सेल शीट कुठून आली?

तुमच्या पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य तुम्ही 'गंमत म्हणजे' म्हणून मध्येच टाकलंय. भडकलेल्या क्लायंटला तुम्ही अर्ध्या तासात शांत करता. कसं करता? मी त्या कॉलवर नव्हते, पण हे काम कसं होतं ते मला ठाऊक आहे. पहिली दहा मिनिटं तुम्ही उपाय सांगत नाही. त्याला बोलू देता. त्याचंच म्हणणं त्याला परत सांगता, म्हणजे त्याला कळतं की ऐकलं गेलं. आवाज खाली आला की मगच 'आपण असं करू या का' म्हणता. त्याचा आवाज कधी खाली आला, हे तुम्हाला फोनवर, हजारो मैलांवरून, चेहरा न दिसता कळतं! आणि स्वतःच्या स्वयंपाकघरात, हातभर अंतरावर बसलेल्या बायकोचं कळत नाही?

कळत नाही असं नाही. तिथे तुम्ही ते काम करत नाही.

हे मी टोमणा म्हणून लिहीत नाही, याला आधार आहे. ओरेगन विद्यापीठातल्या क्रिस्टी क्लाइन आणि सारा हॉजेस यांनी २००१ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. एक व्यक्ती आपली अडचण सांगते आहे असा व्हिडिओ लोकांना दाखवला आणि त्या त्या क्षणी तिच्या मनात काय चाललं होतं ते ओळखायला सांगितलं. बायकांना हे जास्त जमतं असा सगळ्यांचा समज. मग अचूक उत्तराला पैसे देऊ केले. पैसे म्हटल्याबरोबर पुरुष आणि बायका दोघांचीही उत्तरं सुधारली, आणि दोघांतला फरक नाहीसा झाला. म्हणजे क्षमता आधीपासून होतीच, ती वापरावी असं पुरुषांना तोवर वाटलं नव्हतं. तुमच्या क्लायंटच्या कॉलमागे बिल आहे, एस्कलेशन आहे, अप्रेझल आहे. बायकोच्या बोलण्यामागे यातलं काहीच नाही, म्हणून तिथे तुमचं डोकं सगळ्यात स्वस्त मार्ग पकडतं: अडचण ऐकली की उत्तर काढायचं.

त्यात आणखी एक सापळा आहे, तो संसारी माणसांचा. केनेथ सॅवित्स्की, बोआझ केसर, निकोलस एप्ली आदींनी २०११ मध्ये नवरा-बायकोंवर प्रयोग केले. दोन अर्थ निघतील अशी वाक्यं एकानं बोलायची आणि दुसऱ्यानं त्यामागचा हेतू ओळखायचा. आपलं म्हणणं अनोळखी माणसापेक्षा जोडीदाराला जास्त कळलं असं बोलणाऱ्यांना वाटलं, पण प्रत्यक्षात कळलं होतं जवळपास तेवढंच. परक्याशी बोलताना आपण जपून ऐकतो. आपल्या माणसाचं आपल्याला कळतंच, असं धरून चालतो आणि ऐकणं सोडून देतो.

आता अशा पत्रांना ठरलेलं उत्तर असतं की 'स्वतःला तिच्या जागी ठेवून बघा'. ते मी देणार नाही. ताल एयाल, मेरी स्टेफेल आणि एप्ली यांनी २०१८ मध्ये एकूण २५ प्रयोगांचा अहवाल दिला. दुसऱ्याच्या जागी स्वतःला कल्पून त्याच्या मनातलं अधिक अचूक कळतं, असं त्यात कुठेही दिसलं नाही. उलट कधी कधी नुसता आपला आत्मविश्वासच वाढला. सुधारणा झाली ती विचारल्यावर. आणि तुम्ही तरी दुसरं काय केलं होतं? तिच्या जागी स्वतःला ठेवलंत, 'मला नाइट ड्युटीचा त्रास झाला असता तर मी काय केलं असतं?' असा विचार केलात, आणि ड्युट्यांचं गणित मांडलंत. तिच्या जागी गेलात, पण जाताना स्वतःचंच डोकं घेऊन गेलात.

ती रात्र तिच्यासाठी काय होती, ते थोडं सांगते. आर्ली हॉकशील्ड या समाजशास्त्रज्ञ बाईंनी १९८३ मध्ये विमानातल्या कर्मचाऱ्यांचा अभ्यास करून 'भावनिक श्रम' ही कल्पना मांडली. चेहरा आणि आवाज ताब्यात ठेवणं हाच ज्या नोकरीचा एक भाग असतो, तिथे ते श्रमच असतात, आणि ते थकवतात. नर्सचं काम त्यात अगदी वरच्या पायरीवर. पेशंट गेल्यावर नातेवाइकांशी डॉक्टर दोन मिनिटं बोलतात; पुढचा तास त्यांच्यासोबत वॉर्डात असते ती सिस्टर. तिला रडता येत नाही, कारण शेजारच्या खाटेवरचा पेशंट तिच्याकडे बघत असतो. सकाळी सगळ्या पेशंटचं ओव्हर द्यायचं, म्हणजे पुढच्या पाळीच्या सिस्टरला सगळं सांगायचं, कागद पूर्ण करायचे, मग लोकल पकडून भांडुपला उतरायचं. घरी आल्यावर तिला एकच सवलत हवी होती: आता चेहरा सांभाळायला नको. तुमच्या शीटनं तिला सांगितलं की तुझी ही रात्र म्हणजे वेळापत्रकातली चूक होती. शिवाय वॉर्डच्या ड्युट्या कोण लावतं, कुणाकडे अर्ज करायचा आणि तो का नाकारला जातो, हे तिला तुमच्या एक्सेलपेक्षा नक्कीच जास्त माहीत असणार.

डॅना जोसेफ आणि डॅनियल न्यूमन यांनी २०१० मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून पाहिलं, की भावनांची जाण नोकरीत कुठे कामाला येते. जिथे भावनिक श्रम जास्त, तिथे तिचा उपयोग दिसतो. जिथे ते कमी, तिथे चाचणीतल्या गुणांचा कामगिरीला हातभार लागताना दिसत नाही. म्हणजे तुमच्या घरात ही क्षमता रोज पगारावर वापरणारी व्यक्ती तुमची बायको आहे. तिच्या मताला वजन द्या, ती त्या विषयातली तज्ज्ञ आहे.

इथून एचआरकडे वळते. ते '८० टक्के' कुठून आले ते ऐका. डॅनियल गोलमन यांच्या १९९५ च्या गाजलेल्या पुस्तकात असं म्हटलं होतं की आयुष्यातल्या यशात आयक्यूचा वाटा फार तर २० टक्के, बाकी ८० टक्के इतर गोष्टींचा. इतर गोष्टी म्हणजे सगळं काही: घरची परिस्थिती, नशीब, ओळखी, तब्येत. पुढे कार्यशाळांतून हे ८० टक्के अख्खेच्या अख्खे ईक्यूच्या नावावर चढवले गेले. असा पुरावा कुठेही नाही. नोकरीतल्या कामगिरीचा अंदाज बांधायला सामान्य बौद्धिक क्षमता किती उपयोगी, यावर मात्र खूप काम झालंय. १९९८ मध्ये फ्रँक श्मिट आणि जॉन हंटर यांनी तो सहसंबंध ०.५१ सांगितला होता. २०२२ मध्ये पॉल सॅकेट आणि सहकाऱ्यांनी आकडेमोड तपासून तो ०.३१ वर आणला. म्हणजे बुद्धीचा भावही वाटला होता त्यापेक्षा उतरला. पण तो उतरला म्हणून ती जागा ईक्यूला मिळाली, असं होत नाही.

तुम्हाला रस वाटेल असा आणखी एक निष्कर्ष सांगते. स्टेफान कोते आणि ख्रिस्तोफर मायनर्स यांना २००६ मध्ये असं आढळलं की ज्यांची बौद्धिक क्षमता कमी, त्यांच्या कामगिरीला भावनांच्या जाणेचा आधार जास्त होतो. ज्यांची जास्त, त्यांना तेवढा फरक पडत नाही. तुम्ही इतकी वर्षं बुद्धीच्या जोरावर निभावून नेलंत, ते या चित्रात बसतं. पण तेव्हा तुमच्या हातात कोड होतं. टीम लीडच्या हातात माणसं असतात, ते काम वेगळं. एचआरचं गणित चुकलंय, पण निरीक्षण कदाचित बरोबर असेल. माझा अंदाज, आणि हा नुसता अंदाज आहे, की ज्युनिअर मुलं तुमच्याकडे अडचण घेऊन येतात तेव्हा त्यांनाही तुम्ही वाक्य पूर्ण होण्याआधी शीट देता. एचआरकडे परत जा आणि टक्के विचारू नका, प्रसंग विचारा. कोणत्या मीटिंगमध्ये, कुणाशी, मी काय बोललो? त्यांना दोन-तीन प्रसंग सांगता आले तर तुम्हाला काम करायला काहीतरी मिळालं. एकही सांगता आला नाही, तर जागा का गेली याचं कारण दुसरंच आहे, आणि ते ईक्यूच्या आड लपवलंय.

कोर्सचं थोडक्यात. भावनांची जाण शिकवून वाढते का, यावर २०१८ आणि २०१९ मध्ये आलेल्या आढाव्यांचं उत्तर 'हो, मध्यम प्रमाणात' असं आहे. पण व्हिडिओ बघायचे, शेवटी प्रश्नमंजूषा आणि प्रमाणपत्र, अशा कोर्सवर मी १८ हजार घालणार नाही. ज्यात प्रत्यक्ष बोलण्याचा सराव करून घेतात आणि कुणीतरी तुमचं चुकलेलं लगेच दाखवतं, तोच कोर्स कामाचा. कंपनी पैसे भरत असेल तर करा, सर्टिफिकेटही मिळेल. स्वतःच्या खिशातून नको.

घरी काय करायचं, ते सांगते. ती नाइट करून आली की अंघोळ-चहा होईपर्यंत काही विचारू नका. मग एकदाच विचारा, 'आत्ता सांगायचंय, की झोपून उठल्यावर?' ती बोलायला लागली की, 'नुसतं ऐकू, की काही करू?' बहुतेक वेळा उत्तर 'नुसतं ऐक' असंच येईल. तेव्हा फोन दुसऱ्या खोलीत ठेवा आणि क्लायंटला देता ती पहिली दहा मिनिटं तिला द्या. उपाय सुचले तर गिळा. पहिल्या-दुसऱ्या वेळी ती नक्की म्हणेल, 'हे कुठून शिकून आलास?' खरं सांगा की सदरात वाचलं. नाटकी वाटेल, वाटू दे. क्लायंटशी पहिल्यांदा बोललात तेव्हाही घोटवलेलीच वाक्यं बोलला असाल.

चेहरा आणि आवाज टिपण्याच्या भागासाठी सराव वेगळा. तिला काय वाटतंय याचा मनात अंदाज करा आणि मग विचारून तपासा: 'मला वाटलं तू चिडलीस. बरोबर?' कितीदा चुकलात ते मोजा. तुम्हाला आकड्यांशिवाय चैन पडणार नाही हे मला कळतंय, तेव्हा हवी तर याची एक्सेल शीट ठेवा. पण कृपा करून ती तिला दाखवू नका.

राहिला मुलगा. मॅकॅन आणि सहकाऱ्यांनी २०२० मध्ये चाळीस हजारांहून अधिक विद्यार्थ्यांची माहिती असलेले अभ्यास एकत्र केले. भावना समजणाऱ्या आणि हाताळता येणाऱ्या मुलांना शाळेत गुणही बरे पडतात, आणि बुद्धिमत्ता व स्वभाव यांचा हिशेब वेगळा काढल्यावरही त्यातलं काही शिल्लक राहतं, असं त्यांना दिसलं. तेव्हा 'हुशार आहे, म्हणून बोलत नाही' हे त्याच्या अभ्यासाच्याही फायद्याचं नाही. सात वर्षांच्या मुलाला घरात जे नाव पडतं, त्याप्रमाणे तो वागायला लागतो.

पण आईंशी वाद घालू नका. 'तुझे बाबा पण असेच होते' हे त्यांनी जसं म्हटलं, त्यावरून मला वाटतं, न बोलणाऱ्या माणसाबरोबर त्यांनी बराच काळ काढला असावा, आणि 'हुशार माणसं अशीच असतात' हीच त्यांनी स्वतःची घातलेली समजूत असावी. या वयात ती त्यांच्याकडून काढून घेण्यात काय अर्थ? एवढंच सांगा की आई, त्याच्यासमोर नको म्हणूस. जमलं तर एखाद्या संध्याकाळी बाबांबद्दल त्यांनाच विचारा. तुमच्या सरावालाही ते बरं.

आणि शाळेत जाऊन त्याच्या बाईंना भेटा. तो वर्गात, डब्याच्या सुट्टीत कसा असतो ते विचारा. घरी गप्प असणारी कितीतरी मुलं वर्गात बडबडी असतात. तिथे तो बोलत असेल, खेळत असेल, तर विषय संपला. बुजरेपणा हा काही आजार नाही. पण सगळीकडेच एकटा राहत असेल, हाक मारली तर बघत नसेल, दुसऱ्या मुलांत मिसळण्याची त्याची धडपडच दिसत नसेल, तर बालमानसतज्ज्ञाला दाखवायला उशीर करू नका. कुठल्या रुग्णालयात, कुठल्या ओपीडीत आणि कुठल्या वारी जायचं, हे तुमच्या बायकोला तुमच्या-माझ्यापेक्षा चांगलं माहीत असेल. तिला या मुलाबद्दल काय वाटतं, ते तुमच्या पत्रात कुठेच आलेलं नाही. आधी ते विचारा.